कटी सार्क १/९६ : पावसाळा काढून झाल्यावर

रेव्हेल कंपनीचा १/९६ मापाचा ‘कटी सार्क’ (याच नावाच्या शिडाच्या जहाजाचं प्लॅस्टिकचं जोडायचं मॉडेल) हा १९५९ सालचा साचा आहे आणि खोक्याचं चित्र बदलत तो आजही विकला जातो. त्यामुळे त्याच्या खोलून दाखवण्याच्या व्हिडिओंना तोटा नाही. खोकं उघडल्यावर दिसतं ते सगळं चांगलंच असतं. मॉडेल पूर्ण होऊन कपाटात गेलं, त्यावरून एक उन्हाळा आणि एक दमट पावसाळा गेला, की मग कुठे पैसा घालायला हवा होता हे कळतं. हे परीक्षण त्या बाजूने लिहिलं आहे.

निकाल आधीच सांगायचा तर सांगाडा (जहाजाचं बाहेरचं धड), डेकवरची घरं, होड्या, नाळेवरची म्हणजे पुढच्या टोकावरची नॅनी या चेटकिणीची मूर्ती हे सगळं साठ वर्षांनंतरही उत्तम आहे आणि जागचं हलत नाही. हलतात त्या वरच्या डोलकाठ्या आणि दोर. बहुतेक लोक मात्र जादा खर्च लाकडी डेकवर आणि पितळी शोभेच्या भागांवर करतात, दोरा मात्र खोक्यातलाच वापरतात. प्राधान्य नेमकं उलटं हवं.

कोणत्या काळातलं जहाज करायचं हे रंगाचा डबा उघडण्याआधी ठरवा. हे जहाज नोव्हेंबर १८६९ मध्ये स्कॉटलंडमधल्या डम्बार्टनला पाण्यात उतरलं, ते चीनचा चहा आणायला. १८८० च्या सुमारास मालक जॉन विलिसने डोलकाठ्या आणि आडव्या काठ्या आखूड करून घेतल्या आणि सर्वांत वरचं शीड, स्कायसेल, काढून टाकलं. पुढे लोकरीच्या व्यापारातली कप्तान वुजेटची गाजलेली वर्षं या आखूड काठ्यांवरची आहेत. १८९५ ला ते पोर्तुगीजांना विकलं गेलं आणि ‘फेरेरा’ झालं. आज लंडनमधल्या ग्रीनिचला जे उभं आहे ते पुन्हा चहाच्या काळासारखं सजवलेलं, २००७ च्या आगीनंतर दुरुस्त होऊन २०१२ ला खुलं झालेलं. लांब काठ्या, स्कायसेल आणि वर वुजेटच्या काळातली डेकवरची मांडणी अशी भेळ फार दिसते. किटच्या माहितीपत्रकात दोरांची मांडणी सोपी करून दिली आहे, त्यामुळे जॉर्ज कॅम्बेल यांचे आराखडे घेणं भाग आहे. त्यांच्याशिवाय डेकवरच्या दोर बांधायच्या पिना कुठल्या दोरासाठी आहेत हे कळत नाही.

सांगाड्याचे दोन अर्धे भाग बऱ्यापैकी जुळतात. तरी चिकटवण्याआधी आतून दर ६-७ सें.मी. वर प्लॅस्टिकच्या पट्टीचे आडवे आधार द्यावेत, नाहीतर डेक बसवताना कठडे आत-बाहेर होतात. स्टँडचे नट याच वेळी आत बसवून घ्या. कण्याच्या वर लाकडी ठोकळा, त्यात एम-४ चे दोन नट, भोवती इपॉक्सी. डेक लागल्यावर तिथे हात पोचत नाही, आणि नुसत्या खाचेत ठेवलेलं मॉडेल पुसताना एकदा तरी कलंडतं.

पाण्याखालच्या भागाचा रंग हा वादाचा मुद्दा. पत्रे साच्यातच उठावदार आहेत, म्हणून वरून तांब्याची पट्टी चिकटवायची गरज नाही. खऱ्या जहाजावर तांबं नव्हतंच, मुंट्झ धातू होता, म्हणजे साधारण ६० टक्के तांबं आणि ४० टक्के जस्त. तो पितळेसारखा पिवळट दिसतो. लालसर तांब्याचा रंग दिला की मॉडेल लगेच खोटं वाटतं. पितळी रंगाचा पाया, त्यावर काही पत्र्यांना किंचित गडद आणि किंचित फिकट हात, वर सॅटिन वार्निश, इतकं पुरे. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी खऱ्या तांब्याच्या पट्टीच्या फंदात पडू नये. बोटांचे ठसे काळे पडून वर येतात ते खारट हवेत आणखी लवकर.

रंगकाम पावसाळ्यात करायचंच असेल तर लॅकर टाळा. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि काळ्या सांगाड्यावर पांढुरकी झाक येते. काळ्या रंगावर ती लपत नाही. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली लावली तरी हवेतला दमटपणा राहतोच. अॅक्रिलिक परवडतं, फक्त दोन थरांमध्ये एक रात्र सोडा. सोनेरी रेघ आणि नाळेजवळची नक्षी सर्वांत शेवटी, बारीक ब्रशने.

डेक सलग नाही, तुकड्यांत येतो. तुकडे एकेक करून सांगाड्यात बसवले की सांधे आडवे ओरडतात. आधी सपाट काचेवर सगळे तुकडे पालथे ठेवून मागून १ मि.मी. प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावून एकसंध करा, पुट्टी भरून घासा, घासताना गेलेल्या फळ्यांच्या रेघा सुईने परत ओढा आणि मग बसवा. फिकट खाकी पाया आणि त्यावर पातळ केलेल्या बर्न्ट अंबर तैलरंगाचा हात दिला की सागवानाचा भास पुरेसा होतो. लाकडी डेक लावणार असाल तर फळीची रुंदी तपासा. पाच इंची फळी या मापात १.३ मि.मी. होते. २ मि.मी. रुंद फळ्यांचा डेक घेतलात तर जहाज एकदम छोटं दिसू लागतं.

डेकवरची घरं, पंप, कॅपस्टन, कोंबड्यांचे खुराडे, चाक: नीट रंगवा, बस्स.

आता डोलकाठ्या. मुख्य डोलकाठी डेकपासून टोकापर्यंत खऱ्या जहाजावर १५२ फूट, म्हणजे मॉडेलवर साधारण ४८ सें.मी. इतक्या उंचीवर पातळ प्लॅस्टिक दोराचा ताण पेलू शकत नाही. ते मोडत नाही, हळूहळू वाकतं, आणि हे पहिल्या महिन्यात दिसत नाही. उन्हाळ्यात खोलीचं तापमान ३५ च्या वर गेलं की टोकं मागे झुकलेली दिसतात, कारण मागचे दोर संख्येने जास्त असतात आणि पुढचा स्टे (डोलकाठीला पुढून धरणारा दोर) एकटा पडतो. खालच्या डोलकाठीच्या दोन अर्ध्यांमध्ये २ मि.मी. ची पितळी सळई इपॉक्सीत बसवली की खालचा भाग कायमचा निश्चिंत. वरची काठी बदलूनच टाका. बांबूची ३ मि.मी. ची काडी ड्रिलमध्ये धरून सँडपेपरमधून फिरवली की टोकाकडे १.२ मि.मी. पर्यंत छान निमुळती होते, आणि बांबू प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी ताठ. गाठ असलेली काडी फेकून द्या, ती तिथेच वाकते. रॉयल आणि स्कायसेल या सर्वांत वरच्या दोन शिडांच्या आडव्या काठ्यांनाही हाच नियम. खालच्या जाड आडव्या काठ्या किटच्या चालतात. नाळेपुढे निघणाऱ्या काठीत, बाउस्प्रिटमध्येही, सळई घाला, कारण पुढच्या डोलकाठीचे सगळे स्टे शेवटी त्याच्यावरच ओढ देतात.

दोर. इथेच सगळं ठरतं.

जहाजाच्या दोराचं माप परंपरेने घेरात सांगतात, व्यासात नाही. आराखड्यात ५ इंच लिहिलं असेल तर त्याला ३.१४ ने भागा आणि मग ९६ ने. उत्तर येतं ०.४२ मि.मी. ३ इंचांचा दोर ०.२५, २ इंचांचा ०.१७. थेट ९६ ने भागून १.३ मि.मी. चा दोर लावलेली मॉडेलं पाहायला मिळतात, ती पडाव बांधून ठेवल्यासारखी दिसतात. दुकानात दोऱ्यावर मि.मी. छापलेले नसतात, म्हणून पेन्सिलीवर १ सें.मी. भर शेजारी शेजारी वेढे द्या आणि मोजा. २५ वेढे बसले तर दोरा ०.४ मि.मी. खालच्या श्राउडसाठी (डोलकाठीला बाजूंनी धरणारे दोर) ०.३५ ते ०.४, वरच्यांना ०.२५, धावत्या दोरांना (शिडं आणि काठ्या हलवणारे) ०.२ च्या आसपास, रॅटलाइनला (श्राउडवर बांधलेल्या दोराच्या पायऱ्या) मिळेल तितका बारीक. एवढ्या चार जाड्या हातात असल्या की काम भागतं.

धागा कशाचा हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. सुती दोरा हवेतला ओलावा पिऊन फुगतो, पिळलेला असल्यामुळे लांबीला आखडतो, म्हणजे जुलैत ताणतो आणि मार्चमध्ये सैल पडतो. ताणताना तो वरच्या काठ्या ओढून नेतो. नायलॉनचं उलटं: दमट हवेत लांबतो आणि लोंबतो. रेयॉनचा भरतकामाचा चकचकीत दोरा तर दोन्हीपेक्षा वाईट. पॉलिस्टर दमटपणाला जवळजवळ दाद देत नाही. पुण्यात सुती दोऱ्यावर निभावून गेलेलं मॉडेल रत्नागिरीत किंवा पणजीत निभावेलच असं नाही. शिवणकामाच्या आणि सोफ्याच्या शिलाईच्या पॉलिस्टर दोऱ्यात वर सांगितलेल्या बहुतेक जाड्या मिळतात. स्थिर दोरांना पूर्ण काळा नको, काळपट तपकिरी घ्या, धावत्यांना फिकट बदामी. तंतू फार उठत असतील तर दोरा मेणातून ओढा, पण मधमाश्यांचं मेण धूळ धरतं. संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण मिळालं तर तेच.

किटमध्ये मिळणाऱ्या तयार जाळीदार शिड्यांबद्दल एकच सल्ला: बाजूला ठेवा. लेप दिलेल्या दोऱ्याच्या या जाळ्यांवर रंग टिकत नाही, आणि ताण दिला की चौकोन तिरके होतात. मागे आलेखाचा कागद लावून रॅटलाइन स्वतः बांधायच्या. खऱ्या जहाजावर पायऱ्यांमधलं अंतर साधारण १३ इंच, म्हणजे इथे ३.४ मि.मी. मधल्या श्राउडवर दोन वेढ्यांची गाठ, कडेच्या दोघांवर सुईने दोऱ्यातून आरपार. गाठ आवळताना श्राउड आत ओढले जातात आणि शिडीला कंबर पडते. म्हणून दर दहा पायऱ्यांनी कडेचे श्राउड सरळ आहेत का हे पट्टी लावून पाहा. हे काम कंटाळवाणं आहे, यात शंका नाही. डेडआय (श्राउड ताणायचे भोकांचे गोल ठोकळे) बदलायचे असतील तर ३ मि.मी. चे घ्या, ते दहा-बारा इंची खऱ्यांच्या मापात बसतात.

क्रम असा ठेवा: आधी पुढचे स्टे, मग श्राउड एक डावा एक उजवा, मग मागचे दोर. एका बाजूचे सगळे श्राउड आधी लावले की डोलकाठी पिळली जाते आणि ते नंतर कशानेही सरळ होत नाही. डेकवरच्या प्लॅस्टिक पिना दिसायला चांगल्या, ताणायला नाहीत. ०.७ मि.मी. ची भोकं पाडून पितळी पिना घाला. साखळी जिथे लागते तिथे इमिटेशन दागिन्यांची सर्वांत बारीक साखळी काळी करून वापरली तर चालून जाते.

गाठींवर सुपरग्लू नको. तात्काळ पकडतं हे खरं, पण दोरा काचेसारखा कडक होतो, पांढरी धूसर झाक येते (दमट हवेत जास्तच), आणि काही महिन्यांनी धूळ झटकताना ब्रश लागला की दोर गाठीशीच तुटतो. पांढरा फेव्हिकॉल एक भाग, पाणी तीन भाग, बारीक ब्रशने एक थेंब. सुकल्यावर दिसत नाही, आणि पुढे दोर सैल झाला तर ओलं करून गाठ सोडवता येते. हा शेवटचा फायदा सुरुवातीला कुणाच्या लक्षात येत नाही.

शिडं. किटमधली साच्यात दाबून काढलेली प्लॅस्टिकची शिडं चमकतात आणि कडा जाड दिसतात. ती वगळणं उत्तम, पण मग काठ्या वर ठेवू नका. कटी सार्कवर दुहेरी टॉपसेल आहे, म्हणजे खालून दुसरं शीड खालचं आणि वरचं असं दोन भागांत. खालची आडवी काठी आणि खालच्या टॉपसेलची काठी जागेवर स्थिर राहतात, पण वरचं टॉपसेल आणि त्यावरची टॉपगॅलंट, रॉयल, स्कायसेल यांच्या काठ्या शीड उतरलं की खाली येतात. शिडं नाहीत आणि सगळ्या काठ्या वर टांगलेल्या, ही चूक फार सर्रास होते आणि जाणत्या माणसाच्या नजरेत पहिल्यांदा तीच भरते. गुंडाळलेली शिडं हवी असतील तर पातळ कागद पूर्ण उंचीचा घेऊ नका, एक तृतीयांश पुरतो. पूर्ण घेतला तर काठीवर गादी गुंडाळल्यासारखं दिसतं.

पेटीशिवाय हे मॉडेल ठेवू नये. दोरांवरची धूळ काढता येत नाही, ती फक्त इकडून तिकडे हलते. मोजमाप घेताना सांगाडा पाहू नका. मॉडेल जवळपास ९० सें.मी. लांब असलं तरी रुंदी ठरते ती मुख्य आडव्या काठीवरून. ती खरी ७८ फूट, इथे पावणेपंचवीस सें.मी. आतून १०० बाय ३५ बाय ७० सें.मी. ची पेटी बरोबर बसते. कपाटाची खोली कमी असेल तर काठ्या तिरक्या वळवून बांधा. जहाज वाऱ्याशी कोनात चालताना त्या तशाच असतात, आणि समोरून पाहताना दृश्यही जास्त जिवंत होतं. पेटी हवाबंद करू नका, मागच्या फळीत जाळी लावलेली दोन-तीन भोकं ठेवा. रंगातून आणि गोंदातून निघणारी वाफ आत कोंडली तर काचेवर धूसर थर बसतो. खिडकीचं थेट ऊन टाळा, ते प्लॅस्टिकपेक्षा दोऱ्याचा रंग आधी खातं.

पावसाळा संपल्यावर एकदा टॉर्च घेऊन ब्रेस तपासा, म्हणजे आडव्या काठ्या वळवणारे दोर. सैल पडतात ते बहुधा हेच. पूर्ण दोर बदलायचा नाही. पिनेवरची गाठ ओल्या ब्रशने मऊ करायची, चिमट्याने मिलिमीटरभर ओढायची आणि पुन्हा एक थेंब फेव्हिकॉल. दोन्ही बाजूंचे ब्रेस एकाच बैठकीत करा, नाहीतर काठी एका बाजूला वळून बसते.