ओकमाँटवरची यूएस अमॅच्युअर : आई आणि लेक, तीन दिवस

2028ची यूएस विमेन्स ओपन, बायकांची मोठी गोल्फ स्पर्धा, ओकमाँटला आहे म्हटल्यावर लेकीने तेव्हाच सांगून टाकलं, "आई, आपण जायचंच." तिच्या हट्टामागे 2021चा ऑगस्ट आहे. तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आणि पिट्सबर्गजवळच्या या गोल्फ क्लबवर यूएस अमॅच्युअर, म्हणजे हौशी खेळाडूंची अमेरिकेतली राष्ट्रीय स्पर्धा, बघायला आम्ही दोघी तीन दिवस गेलो होतो. गोल्फ शिकणाऱ्या मुलांचे आईवडील मला अधूनमधून विचारतात, मुलांना कुठली स्पर्धा दाखवावी? माझं उत्तर आजही हेच आहे.

कारण इथे खेळ हाताच्या अंतरावर असतो. सुरुवातीच्या फेऱ्यांत आम्ही खेळाडूंच्या मागे फेअरवेतूनच, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यातूनच, चालत होतो. बॅग वाहणाऱ्या कॅडीशी त्यांचं चाललेलं बोलणं कानावर पडायचं : वारा कुठून आहे, चेंडू कुठे पडला म्हणजे कुठे जाऊन थांबेल. हातात घेतलेला क्लब, म्हणजे मारायची काठी, परत बॅगेत जाताना दिसायचा. खड्ड्यातल्या झेंड्यावर नेम न धरता मुद्दाम पंचवीस फूट बाजूला मारणं म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे लेकीला माझ्या सांगण्याने कधी पटलं नव्हतं. इथे पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत पटलं.

स्पर्धेची रीत थोडक्यात सांगते. 312 खेळाडू आधी दोन फेऱ्या स्ट्रोक प्ले खेळतात, म्हणजे एकूण फटके मोजले जातात. त्यातले 64 पुढे जातात आणि तिथून मॅच प्ले, एकास एक : होल म्हणजे सुरुवातीपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा, आणि जो जास्त होल जिंकतो त्याचा सामना. एखाद्या होलवर आठ फटके लागले तरी जातो तो एकच होल, त्यामुळे पिछाडीवरचा माणूस शेवटपर्यंत जिवंत असतो. सहा सामने जिंकले की हेवमायर ट्रॉफी. पैसे एक डॉलरही नाहीत, पण पुढच्या वर्षीच्या यूएस ओपनचा, व्यावसायिकही खेळतात त्या स्पर्धेचा, दरवाजा उघडतो.

आता मैदान. हेन्री फाउन्सने 1903मध्ये हे बांधायला घेतलं. त्याचा मुलगा विल्यम 1910मध्ये स्वतः यूएस अमॅच्युअर जिंकला आणि पुढे अनेक वर्षं हे मैदान आणखी अवघड करत राहिला. चुकलेल्या फटक्याची किंमत मोजावीच लागली पाहिजे, या मताचा तो माणूस. तिसऱ्या आणि चौथ्या होलच्या मधला चर्च प्यूज बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, फोटोत सगळ्यांनी पाहिलेला असतो : वाळूत ओळीने गवताचे बांध, चर्चमधल्या बाकांसारखे. आम्ही गेलो तेव्हा ते बारा होते. पण फोटोत खोली कळत नाही. दोन बांधांच्या मध्ये चेंडू अडकलेला खेळाडू ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, दिशेला बघतसुद्धा नव्हता, नुसतं बाहेर यायला वाट शोधत होता. आठवा होल पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा, आणि कार्डावर तब्बल 288 यार्ड. लेकीने पाटी दोनदा वाचली.

तरीही ओकमाँट म्हणजे ग्रीन. पहिल्याच होलची ग्रीन पुढून मागे उतरते, म्हणजे चेंडू न थांबता तुमच्यापासून लांब पळतो. बाराव्याचीही तशीच. नववीची ग्रीन तर इतकी मोठी की तिचाच मागचा भाग पटिंगच्या, म्हणजे चेंडू हळूच घरंगळवण्याच्या, सरावासाठी वापरतात. ग्रीनचा वेग मोजायचं स्टिम्पमीटर हे साधनही इथल्याच अनुभवातून सुचलं. 1935च्या यूएस ओपनमध्ये जीन सॅराझेनचा पट ग्रीनवरून घरंगळत थेट बंकरमध्ये गेला, ते पाहणाऱ्या एडवर्ड स्टिम्पसनने ते बनवलं. आम्ही बाराव्याच्या ग्रीनमागे दोन तास बसलो. एका मुलाने पटर जेमतेम टेकवला आणि चेंडू थांबायचं नावच घेईना. आजूबाजूला कुणी हसलं नाही. सगळ्यांना कळत होतं.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. सावली जवळपास नाही. 1990च्या दशकापासून इथली हजारो झाडं काढून मैदान पूर्वीसारखं उघडं केलं आहे. त्याने दृश्य फार देखणं झालंय, एका उंचवट्यावरून पाच-सहा होल दिसतात, पण टोपी आणि पाणी हवंच. चढउतार आहेत, तेव्हा चांगले बूट घाला. मी पहिल्या दिवशी नवे घातले आणि दुसरा दिवस टाचेला पट्टी लावून काढला. मैदानाच्या मधून पेन्सिल्व्हेनिया टर्नपाइक हा महामार्ग जातो. दोन ते आठ हे होल त्याच्या पलीकडे आहेत, पुलावरून जावं लागतं, म्हणून सकाळचे पाय ताजे असताना ते आधी बघून घ्या. आणि मॅच प्ले असेल तर बरेच सामने आधीच निकाल लागून अठराव्याला पोचतच नाहीत, त्यामुळे तिथे जागा धरून बसू नका.

अंतिम सामना रविवारी, 15 ऑगस्टला, 36 होलचा. मराठी मंडळाचं झेंडावंदन चुकवून आम्ही सकाळीच पोचलो. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा जेम्स पायट आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा ऑस्टिन ग्रीझर. शेवटचे नऊ होल उरले तेव्हा पायट तीन होलांनी मागे होता. माझे पाय बोलायला लागले होते आणि परतीच्या लांब रस्त्यावर गाडी मलाच चालवायची होती, म्हणून मी म्हटलं, निघू या. लेक म्हणाली, "फक्त दहावा बघू." दहावा पायटने जिंकला. मग अकरावा. मग बारावा, आमचाच तो. मग तेरावा. चार होलांत तीनने मागे असलेला मुलगा एकने पुढे. तिने माझा हात असा धरला होता की वळ उठले.

सतराव्यावर सामना संपला, दोन आणि एक : पायट दोन होलांनी पुढे आणि उरलेला होल एकच. मी मात्र ग्रीझरकडेच बघत राहिले. तीन होलांनी पुढे असलेला वीस वर्षांचा मुलगा, टोपी काढून हात मिळवायला सरळ चालत गेला.

2028ला आम्ही बाराव्याच्या मागेच बसणार आहोत, डाव्या बाजूला, जिथून चेंडू सुटलेला पूर्ण दिसतो. लेक तेव्हा वीस वर्षांची असेल. गाडी ती चालवणार आहे.