दोन बाय दोन फुटांचे एलईडी पॅनल: बिल उतरलं, चकाकी राहिली

इमारतीची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे दिवा गेला की पहिला फोन मलाच. ऑफिसच्या फॉल्स सीलिंगमधली चार ट्यूबची जुनी चौकोनी फिटिंग काढून आम्ही ३६ वॅटचे पॅनल लावले.

वीज वाचते, यात वादच नाही. १८ वॅटच्या चार ट्यूब म्हणजे ७२, त्यात चोक खाणार ते वेगळं. एक फिटिंग नव्वदीच्या घरात जायची. शिवाय ट्यूबचा बराचसा उजेड फिटिंगच्या पत्र्यातच जिरायचा. पॅनलचे ३६०० ल्युमेन (दिव्याच्या एकूण उजेडाचं माप) सरळ खाली येतात. टेबलावर उजेड मोजायचा लक्समीटर ठेवला तर ५०० लक्सच्या वर. लिहिण्यावाचण्याच्या कामाला तेवढं पुरतं.

रंगावरून खरेदी विभागाशी थोडी हुज्जत झाली. त्यांना ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे हवे होते, 'जास्त पांढरा म्हणजे जास्त उजेड' म्हणून. मी ४००० वर, म्हणजे जरा उबदार पांढऱ्यावर अडून बसलो. मीटिंग रूमला त्यांच्या मनासारखे लावले, आता तिथे बसलेला प्रत्येक जण आजारी दिसतो.

खरी तक्रार चकाकीची. कव्हर साधं दुधी आहे, त्यामुळे मागच्या रांगेतल्यांना स्क्रीनमध्ये छताचे चौकोन दिसतात. यूजीआर (चकाकीचं माप, जितकं कमी तितकं बरं) १९ च्या आतलं, बारीक खवल्यांच्या कव्हरचं मॉडेल मिळतं, पण विक्रेत्याला यूजीआर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.

खोक्यावर ५०,००० तास छापलेत. तो हिशेब एलईडीचा, तोही उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा. आधी जातो तो ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग. छताच्या पोकळीत उष्णता कोंडते आणि ड्रायव्हरच्या आतला कपॅसिटर सुकत जातो. आमच्याकडेही जे पॅनल बंद पडले, त्यांचा ड्रायव्हरच गेला होता. सुदैवाने तो वेगळ्या डबीत, क्लिपच्या कनेक्टरवर आहे. शिडीवर चढायचं, जुना काढायचा, नवा अडकवायचा. ड्रायव्हर आतच सीलबंद असलेला पॅनल मी फुकट दिला तरी घेणार नाही.

हालचाल टिपून दिवा लावणारे सेन्सर जिन्यात आणि स्टोअरमध्ये उत्तम चालतात. केबिनमध्ये मात्र नको. माणूस शांत बसून वाचत असला की दिवा जातो, मग आतून हात हलवायचे.

पुढच्या मजल्याला हेच घेणार, फक्त खवल्यांच्या कव्हरचे. आणि ड्रायव्हर थोडे जास्तीचे मागवून ठेवणार, कारण मॉडेल बदललं की तेच रेटिंग शोधत फिरावं लागतं.