टाके घालून बसवलेली लेन्स: गाठ पॉकेटात पुरावी, की गाठच नसावी?

डोळ्यात कृत्रिम लेन्स टिकायला आधार उरला नसेल, तर ती स्क्लेराला, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला, बसवावी लागते. यामाने पद्धतीवर (टाक्यांशिवाय लेन्स बसवायची रीत) हात बसलेल्यांना हा प्रश्न पडत नाही. पण आयलेटवाली (दोरा ओवायला भोक असलेली) लेन्स प्रोलीनच्या दोऱ्यानं स्क्लेराला बांधणारे आपल्याकडे अजून बरेच आहेत. त्यांच्यापुढे शेवटी एकच अडचण उरते, दोऱ्याच्या टोकाचं करायचं काय?

गाठ फ्लॅपखाली, म्हणजे स्क्लेराच्या पातळ पापुद्र्याखाली, झाकायची जुनी रीत मी सोडली ती एका तक्रारीमुळे. नजर उत्तम, लेन्स मधोमध, आणि काही वर्षांनी शाहूवाडीकडचा पेशंट येऊन सांगतो, "डॉक्टर, डोळ्यात कुसळ गेल्यागत टोचतंय बघा." स्लिट लॅम्पवर (डोळा तपासायचं सूक्ष्मदर्शक) पाहावं तर फ्लॅप झिजलेला आणि प्रोलीनचं ताठ टोक कंजंक्टायव्हा (डोळ्यावरचा पातळ पडदा) भेदून वर आलेलं. फार आखूड कापलं तर गाठ सुटायची भीती, तसंच ठेवलं तर दोऱ्याच्या वाटेनं जंतू आत शिरायची. त्यात भातलावणी नाहीतर ऊसतोड चालू असेल तर माणूस हंगाम उरकल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही. चिखलात नि धुळीत तो उघडा दोरा घेऊन राबत राहतो, याची मला फार काळजी वाटते.

हॉफमन पॉकेट (2006), म्हणजे स्क्लेराच्या जाडीतच केलेला खिसा, हा यावरचा खरोखर चांगला उपाय. कंजंक्टायव्हा सोडवायची गरज नाही, दोरे हुकनं खिशाच्या तोंडातून ओढून घ्यायचे, गाठ मारली की ती छताखाली सरकते. सरकगाठ घातली तर लेन्स मध्यावर आणायला शेवटपर्यंत वाव राहतो. ही सोय मोठी आहे. तरीही गाठ आत आहेच. प्रोलीन निसरडं, म्हणून फेरे वाढवावे लागतात आणि गाठ जाड होते. खिसा उथळ झाला असेल तर मन निर्धास्त होत नाही.

जर्मनीतल्या झुर्मान आणि सहकाऱ्यांनी 2010 साली मांडलेल्या झेड-सुचरमध्ये गाठच नाही. सुई स्क्लेराच्या साधारण अर्ध्या जाडीतून, लिंबसला (पारदर्शक नि पांढऱ्या भागाच्या सीमेला) समांतर, नागमोडी पाच वेळा फिरवायची आणि दोरा स्क्लेरालगत कापायचा. वळणांतल्या घर्षणानंच तो धरून राहतो. सुरुवातीला माझाही विश्वास बसत नव्हता. आता फॉलोअपला आलेल्या डोळ्यांत टोचण्याची तक्रार जवळजवळ ऐकू येत नाही. माझ्याकडे मोजदाद नाही, अनुभव आहे तेवढा सांगतो.

अर्थात आत आयलेटपाशी दोरा तुटायचा धोका दोन्हीकडे सारखाच. त्यासाठी बारीक 10-0 दोऱ्याऐवजी जरा जाड 9-0 घेतलेलं बरं. शिवाय झेडमध्ये वळणं पुरी झाल्यावर ताण बदलता येत नाही, म्हणून लेन्स मध्यावर आहे ना हे पहिल्या फेऱ्याआधीच पाहून घ्यावं लागतं.

काचबिंदूच्या पेशंटची कंजंक्टायव्हा पुढच्या शस्त्रक्रियेसाठी राखायची असेल, तर मी आजही पॉकेटच करतो. बाकी बहुतेक केसेसमध्ये हात झेडकडे वळतो. नव्यानं शिकणाऱ्यांनी वक्र सुई घ्यावी आणि घाई असली तरी पाचवा फेरा गाळू नये.