सिव्हिलायझेशन ५ की ६: शहरं सांभाळायला आधी कुठे शिकावं?

दिवाळीची सुट्टी लागली की वडोदऱ्यातल्या आमच्या गोतावळ्यात कोणी ना कोणी विचारतंच: सिव्हिलायझेशन या साम्राज्य उभारायच्या कॉम्प्युटर गेमचा पाचवा भाग घेऊ की सहावा? सेलमध्ये दोन्ही परवडतात, त्यामुळे अडतं ते पैशांवर नाही. लढाया, ग्राफिक्स, कोणता राजा किती भांडकुदळ, यावर मत द्यायला माणसं पुष्कळ आहेत. मी शहरांपुरतं बोलतो, कारण नवखा अडकतो तो तिथे. २०२५ साली सातवाही आला, पण त्यात गाव आणि शहर असे दोन वर्ग करून सगळा हिशेबच बदलला आहे. तो विषय वेगळा.

पाचवा घेणार असाल तर २०१३चं ब्रेव्ह न्यू वर्ल्ड हे वाढीव पॅक त्यात असायलाच हवं. नुसता २०१०चा मूळ गेम घेऊ नका, व्यापारी मार्ग आणि धर्म नसलेला पाचवा अगदीच कोरडा आहे. शहर चालवायला मात्र तो खरोखर सुटसुटीत. ग्रंथालय, धान्याचं कोठार, बाजार, सगळं शहराच्या पोटात जातं, नकाशावर जागा शोधत बसायला नको. वर्करला, म्हणजे जमीन सुधारणाऱ्या मजुराला, ऑटोमेट करून सोडून दिलं तर तो आपल्या अकलेने शेतं आणि खाणी काढत फिरतो. त्याची अक्कल बेताचीच असते, पण पहिल्या डावाला पुरते. ट्रॅडिशन पॉलिसी घ्या, तीन-चार शहरं वसवा, प्रत्येकात लायब्ररी बांधा आणि मग नॅशनल कॉलेज ही विज्ञान वाढवणारी इमारत उभी करा. नॅशनल कॉलेजला सगळ्या शहरांत लायब्ररी लागते, म्हणून त्याआधी पाचवं शहर वसवायची घाई नको. एवढ्या सूचनांवर नवख्याचा डाव मध्यापर्यंत निवांत जातो. सहाव्यासाठी इतक्या थोडक्यात काही सांगता येत नाही.

पण पाचव्यात हॅपिनेस नावाचं एक प्रकरण आहे, आणि माझं मन फिरलं ते त्याच्यावरून.

पडद्याच्या वरच्या पट्टीत हसऱ्या चेहऱ्याशेजारी एक आकडा असतो, अख्ख्या साम्राज्याचा मिळून एकच. नवीन शहर वसवलं की त्यातून ३ वजा, शिवाय दर नागरिकामागे १ वजा. आकडा शून्याखाली गेला की सगळ्या शहरांची वाढ पाव हिश्श्यावर येते. उणे १०वर गेलात की वाढच बंद. सोसायटीत गच्चीवर एकच टाकी असावी, तिसऱ्या मजल्यावर कोणी नळ उघडा ठेवावा आणि तळमजल्यावरच्याने आपला पाइप चोंदला समजून प्लंबर बोलवावा, तशातली गत. माझा भाचा सुट्टीत हेच करत बसला होता. "मामा, राजधानीत धान्य तर ढीगभर आहे, मग माणसं का वाढत नाहीत?" राजधानीत काही बिघडलेलंच नव्हतं. त्याने दूर दक्षिणेला एक बंदर वसवलं होतं आणि शेजाऱ्याचं एक शहर जिंकून घेतलं होतं, त्याची शिक्षा राजधानी भोगत होती. बरं, शहराच्या पडद्यावर कितीही वेळ डोळे लावून बसलात तरी हे कळत नाही. कारण एकीकडे, दुखणं दुसरीकडे.

त्यात आपल्याकडचा नवखा हटकून भारत निवडतो. पाचव्यात गांधींचा गुणधर्म असा की शहरांच्या संख्येमुळे येणारी नाराजी दुप्पट आणि लोकसंख्येमुळे येणारी निम्मी. म्हणजे दर शहरामागे ३ऐवजी ६ वजा. मोजकी, मोठमोठी शहरं करणाऱ्या मुरलेल्या खेळाडूला यात मजा आहे. पण पहिल्याच डावात उत्साहाने सहा शहरं वसवणाऱ्याचं काय होत असेल? उपाय आहेत. प्रत्येक नव्या प्रकारच्या लक्झरीमागे, म्हणजे चैनीच्या वस्तूमागे, ४ हॅपिनेस मिळतो, त्याच प्रकारची दुसरी खाण निघाली तर तिचा उपयोग शून्य, ती शेजाऱ्याला देऊन त्याच्याकडची वेगळी वस्तू घ्यायची. पण हे सांगायला शेजारी कोणी बसलेलं लागतं.

सहाव्यात, म्हणजे २०१६च्या भागात, हा हिशेब शहरागणिक वेगळा केला आहे. वाढ अडवणाऱ्या गोष्टी दोन. एक हाउसिंग, म्हणजे राहायला जागा, दुसरी अ‍ॅमेनिटी, म्हणजे सुखसोयी, आणि दोन्ही त्या-त्या शहराच्या पटलावर दिसतात. हाउसिंग ठरतं मुख्यतः पाण्यावर: नदी किंवा तळ्याकाठी शहर वसवलं तर ५, नुसत्या समुद्राकाठी ३, कुठेच पाणी नसेल तर २. लोकसंख्या या आकड्याच्या एक पायरी खाली आली की वाढ निम्मी होते, आकड्याला भिडली की पाव. दोन कॉलमांतले आकडे ताडून बघायचे, झालं. अ‍ॅमेनिटी लागते साधारण दर दोन माणसांमागे एक, आणि एक लक्झरी चार शहरांना पुरते. दक्षिणेच्या बंदरात माणसं कुरकुरली तर ती बंदरातच कुरकुरतात, राजधानीला त्याचा पत्ताही नसतो. भाच्याला सहाव्यात मी काही सांगितलं नाही. थोडा वेळ आकडे न्याहाळून तो स्वतःच म्हणाला, "इथे कोठार बांधायला हवं." पाचव्यात असं त्याच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. एका पोराच्या अनुभवावरून नियम करू नये हे मान्य, पण माझ्यापुरतं तेवढं पुरलं.

इथेही भारत निवडलात तर वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बांधता येते. पाचव्यातल्या गांधींच्या मानाने हे देणं फारच उदार: नकाशावरच्या मैदानी घरावर (टाइलवर) एक वाव म्हणजे १ अन्न आणि १ हाउसिंग. वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातली नवलखी वाव पाहिलेल्या माणसाला ती पाण्याच्या सोयीसाठी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. टेकडीवर ती होत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आता सहाव्याची खोड, कारण ती लहान नाही. डिस्ट्रिक्ट. विज्ञानाचा कॅम्पस, व्यापाराची पेठ, देवस्थान, प्रत्येकाला नकाशावर स्वतःचं एक घर लागतं, आणि एकदा बांधून झालं की ते हलवता येत नाही, पाडताही येत नाही. कॅम्पसला शेजारच्या प्रत्येक डोंगरामागे १ विज्ञान जास्त मिळतं, म्हणून तो डोंगराला खेटून हवा. देवस्थानालाही डोंगरच आवडतो. पेठेला नदी हवी. आश्चर्यं बांधायची तर त्यांनाही एकेक घर. शिवाय असल्या डिस्ट्रिक्टची संख्या लोकसंख्येला बांधलेली: पहिला लगेच, दुसरा ४ला, तिसरा ७ला, चौथा १०ला. नवख्याला सुरुवातीलाच शंभर टर्न पुढचं गाव मनात आखावं लागतं. कित्येक जण इथेच कंटाळून पाचव्याकडे परत जातात आणि मला त्यांचं चूक वाटत नाही.

तरीही माझा कल सहाव्याकडे आहे. डिस्ट्रिक्ट चुकीच्या जागी पडला तर चार-दोन विज्ञान कमी मिळतं, पण शहर चालत राहतं, आणि नुकसान कुठे झालं ते डोळ्यांसमोर असतं. पाचव्यात आकडा घसरला की सगळंच मंदावतं. आणखी एक सोय: पाचव्यातल्या वर्करच्या जागी सहाव्यात असलेला बिल्डर हाती घेतलेलं काम त्याच टर्नमध्ये उरकतो आणि तीन कामं झाली की संपतो. त्याला ऑटोमेट करता येत नाही, म्हणून कुठलं घर का सुधारायचं याचा विचार आपोआप होतो. रस्ते व्यापारी स्वतः पाडत जातात. पाचव्यात रस्त्याच्या दर घरामागे सोनं मोजावं लागतं आणि ऑटोमेटवरचा वर्कर ते खुशाल उधळतो.

पुराबद्दलही सांगतो, कारण २०१९चं गॅदरिंग स्टॉर्म हे सहाव्याचं वाढीव पॅक घेतलंत तर नद्या फुगतात. २०२४च्या ऑगस्टमध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांनी पाहिलं त्यांना नदीकाठची पूरभूमी बघून आधी धडकीच भरेल. गेममध्ये मात्र पुराने शेतं मोडली तरी कधी कधी जमीन सुपीक होऊन जास्त देऊ लागते, आणि पुढे धरण बांधता येतं. पहिल्या डावाला हे नसलं तरी चालेल. मूळ सहावा पुरेसा आहे.

पाचवाच घ्या असं मी एकाच परिस्थितीत म्हणेन: लॅपटॉप जुना असेल तर. सहाव्यात डाव उत्तरार्धाकडे गेला की कॉम्प्युटरची पाळी संपायला वेळ लागतो, आणि मे महिन्याच्या दुपारी आमच्याकडे लॅपटॉपचा पंखा छताच्या पंख्याहून मोठा आवाज करतो. तेव्हा पाचवा, चार शहरं, आणि नजर सतत वरच्या पट्टीवर.

सहावा घेतलात तर डिस्ट्रिक्टची किंमत जसजसे शोध लागतील तसतशी चढत जाते, पण पायाभरणी केली की ती त्या क्षणाला गोठते. म्हणून लोकसंख्या ४ झाली की हातात दुसरं काम असलं तरी डिस्ट्रिक्टचा पाया टाकून ठेवा, पुरा नंतर करा. मनातल्या जागांवर नकाशात खुणेच्या पिना टोचता येतात, त्या वापरा. आणि अडचणीची पातळी प्रिन्सच्या एक पायरी खाली, वॉरलॉर्डवर लावा. प्रिन्सवर कॉम्प्युटर तुमच्या बरोबरीने खेळतो, ते दुसऱ्या डावात बघता येईल.