अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसची एजंट नोंदणी: स्वस्त आणि सोपी, पण मुदत सांभाळा

वापरकर्ते स्वतः फोटो-व्हिडिओ टाकतात अशा साइटला डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१२(सी)चं संरक्षण हवं असेल, म्हणजे वापरकर्त्यांनी केलेल्या कॉपीराइट उल्लंघनाची भरपाई आपल्यावर येऊ द्यायची नसेल, तर एजंटची, म्हणजे कॉपीराइटच्या तक्रारी स्वीकारणाऱ्याची, ही नोंदणी टाळता येत नाही. डिसेंबर २०१६पासून सगळं ऑनलाइन आहे आणि शुल्क फक्त ६ डॉलर. एवढ्यासाठी मध्यस्थाला जादा पैसे मोजायची गरज नाही.

खातं उघडून कंपनीचं कायदेशीर नाव आणि पत्ता भरायचा. इथे पोस्ट बॉक्स सहसा चालत नाही, एजंटच्या पत्त्याला मात्र चालतो. एजंट म्हणून व्यक्तीऐवजी पद किंवा विभाग लिहावा. माणूस नोकरी सोडून गेला तरी नोंद शाबूत राहते.

घोळ होतो तो पर्यायी नावांत. डोमेन, ॲपचं नाव, जुनं नाव, लोक ज्या नावाने शोधतील ती सगळी टाका. नावं वाढली तरी शुल्क वाढत नाही. उपकंपनी कायद्याने वेगळी असेल तर तिची नोंदणीही वेगळी.

मुदत ३ वर्षांची. मधे दुरुस्ती केली तर पुन्हा ६ डॉलर, पण ३ वर्षं नव्याने सुरू होतात, म्हणजे तोटा नाहीच. आठवणीचा ईमेल येतो. तो न वापरातल्या इनबॉक्समध्ये पडला तर नोंदणी गुपचूप संपते. आणि हो, एजंटचा तपशील साइटवरही द्यावाच लागतो.