ॲक्सेसमागे एस्क्यूएल सर्व्हर एक्सप्रेस लावून नऊ महिने झाले, त्याचा हिशेब

आमचं सांगलीत औषधांचं होलसेल. काउंटरवर तीन मशिन, गोडाऊनला दोन, आणि शेठांचा लॅपटॉप. बिलिंग मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये, मीच फावल्या वेळात उभं केलेलं. डेटाची फाइल कोपऱ्यातल्या एका पीसीवर शेअर केलेली, फॉर्म आणि रिपोर्टची फाइल प्रत्येक मशिनवर वेगळी. दोन मशिन होत्या तोवर मस्त पळत होतं. सहा झाल्यावर रडगाणं सुरू. संध्याकाळी मेडिकलवाल्यांची पोरं माल न्यायला एकदम आली की औषधाची बॅच निवडायला पंधरा-पंधरा सेकंद. गिऱ्हाईक समोर उभं असताना पंधरा सेकंद किती लांब असतात, ते काउंटरवर बसल्याशिवाय कळत नाही.

शेठ म्हणाले, "नवीन सर्व्हर घेऊन टाकू." म्हटलं, आधी वायर तर बघू. ४०० एमबीची एक फाइल सगळ्या मशिनवर कॉपी करून घड्याळ लावलं. काउंटरला ५ सेकंद, गोडाऊनला ३६. गोडाऊनच्या मशिनवर नेटवर्कचं स्टेटस उघडलं तर स्पीड १०० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ एमबी. स्विच मात्र गिगाबिटचा! भिंतीतला जॅक खोलला. आठ तारांपैकी चारच बसवलेल्या, उरलेल्या चार मुळापाशी छाटलेल्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, दोनच मिळाल्या तर लाइन गुपचूप शंभरावर उतरते. कुणी काही सांगत नाही, नेट 'चालू' दिसतं. दोन जॅक नव्याने बसवले आणि गोडाऊन सुटलं.

काउंटर मात्र जैसे थे. कारण शेअर केलेल्या फोल्डरमधली ॲक्सेसची फाइल म्हणजे नुसती फाइल, पलीकडे हिशेब करायला कुणी बसलेलं नसतं. शोधायचं काम तुमचंच मशिन करतं, आणि त्यासाठी लागणारी डेटाची पानं वायरवरून ओढून आणतं. इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) असेल तर थोडी, नसेल तर अख्खं टेबल. मी बॅच नंबरच्या शोधाला दोन्ही बाजूंना स्टार (म्हणजे 'इथे काहीही चालेल') लावून ठेवले होते, त्यामुळे असलेला इंडेक्सही वाया. सुरुवातीचा स्टार काढला. शिवाय प्रोग्राम उघडताना मागच्या बाजूला एक लपवलेला फॉर्म डेटाच्या टेबलाला जोडून कायम उघडा ठेवला. त्याने लॉकची फाइल (डेटा कोण वापरतंय याची नोंद) दर वेळी बनणं-पुसणं थांबतं. फॉर्म उघडायला सहा सेकंद लागायचे, तिथे दोन. फुकटचं काम, तीन वर्षं केलं नाही याची अजून लाज वाटते.

मग डेटा एस्क्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच फुकट डेटाबेस सर्व्हरवर, हलवला कशाला? शेठांच्या लॅपटॉपमुळे. वाय-फाय मध्येच तुटलं आणि फाइल दोनदा खराब झाली. चूक माझीच, अशी फाइल वाय-फायवर उघडायची नसते. पण शेठांना वायर कोण बांधणार?

टेबलं हलवायला मायक्रोसॉफ्टचा मायग्रेशन असिस्टंट फुकट मिळतो, ते काम एका रविवारात झालं. सोमवारी सगळं आधीपेक्षा स्लो! क्वेरीत, म्हणजे डेटा मागवायच्या आज्ञेत, माझी स्वतःची व्हीबीएत (ॲक्सेसच्या प्रोग्रामिंग भाषेत) लिहिलेली फंक्शन्स होती. ती सर्व्हरला कळत नाहीत, म्हणून ॲक्सेस पुन्हा सगळ्या ओळी स्वतःकडे मागवायचं. जड क्वेरी पास-थ्रू (जशाच्या तशा सर्व्हरकडे पाठवलेल्या) करून सर्व्हरवर व्ह्यू (तिथेच साठवलेल्या क्वेरी) बनवले, तेव्हा फरक दिसला. ९० दिवसांत एक्सपायर होणाऱ्या मालाचा रिपोर्ट आधी सव्वा मिनिट घ्यायचा, आता तीन सेकंद. नुसती टेबलं हलवून कुणी थांबलं तर त्याने न हलवलेलीच बरी.

बारीकसारीक ठेचा बऱ्याच. एक्सप्रेसमध्ये टीसीपी-आयपी (नेटवर्कवरून जोडणी) मुळात बंद असतं, ते चालू करून पोर्ट १४३३ ला पक्का करावा लागतो आणि फायरवॉलला तो उघडावा लागतो. ऑटो क्लोज चालू राहिलं तर सगळे बाहेर पडले की डेटाबेस मिटतो आणि सकाळचं पहिलं बिल अडखळतं. ते बंद केलं. हो-नाहीच्या रकान्यांत रिकाम्या जागा राहिल्या होत्या, म्हणून एकच माणूस बिल दुरुस्त करत असला तरी 'राइट कॉन्फ्लिक्ट', म्हणजे 'ही नोंद दुसऱ्याने बदललीय' अशी तक्रार. तिथे शून्य भरलं, डीफॉल्ट शून्य ठेवलं, टेबलाला रोव्हर्जनचा रकाना (ओळ बदलली की आपोआप बदलणारा आकडा) जोडला, मिटलं.

आमच्याकडे एक्सप्रेसची २०२२ ची आवृत्ती आहे. तिच्यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा. ॲक्सेसच्या फाइलला २ जीबीच, आणि आमचा डेटा १.३ वर पोचला होता. मेमरीही ती मोजूनच वापरते, पण सहा मशिनला कधी कमी पडली नाही. नऊ महिन्यांत डेटा एकदाही खराब झाला नाही, लॅपटॉप वाय-फायवर असूनसुद्धा.

खटकतं ते बॅकअपचं. एक्सप्रेसमध्ये वेळापत्रकाचा एजंट नाही, म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरवर एक बॅच फाइल (आज्ञांची यादी) लावलीय, रात्री साडेनऊची. आधी शेठ दर शनिवारी पेनड्राइव्ह लावून फाइल ओढून न्यायचे. आता चालू डेटाबेसची फाइल तशी कॉपी होत नाही, आणि बॅकअपची फाइल घरी डबल क्लिक करून उघडतही नाही. परवा पुन्हा विचारलं त्यांनी, "यात आपली बिलं आहेत कशावरून?" गोडाऊनच्या पीसीवर रिस्टोर करून त्याच दिवशीचं शेवटचं बिल दाखवलं, तेव्हा पेनड्राइव्ह खिशात गेला.