शेअर्ड फोल्डरला कुलपे घातल्यानंतरचे नऊ महिने

आमच्या बारा जणांच्या कार्यालयात सगळ्या फायली एकाच संगणकावरच्या एका शेअर्ड फोल्डरमध्ये असत आणि तो सर्वांना सताड उघडा असे. हिशेबाचा एक अख्खा फोल्डर कुणाच्या तरी हातून नकळत दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढला गेला आणि तो शोधण्यात अर्धा दिवस गेला, तेव्हा ज्याला त्याला कामापुरताच प्रवेश द्यायचे ठरले. नवीन काही विकत न घेता विंडोज प्रोमध्ये मुळातच असलेल्या परवानग्यांवर मी ही व्यवस्था उभी केली. डोमेन (सगळ्यांची खाती एकाच ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था) नाही, विंडोजची सर्व्हर आवृत्ती नाही, साधा वर्कग्रुप, म्हणजे प्रत्येक संगणकाची खाती त्याची त्याच्यापाशी.

विंडोजमध्ये परवानग्या दोन ठिकाणी असतात आणि पहिल्या आठवड्यातला माझा बहुतेक गोंधळ त्यामुळेच झाला. एक जागा ‘शेअरिंग’ टॅबची, दुसरी ‘सिक्युरिटी’ टॅबची, म्हणजे एनटीएफएस या डिस्कवरच्या फाइल-व्यवस्थेची. नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोन्हींपैकी जी अधिक कडक असेल ती लागू होते. त्याच संगणकासमोर बसून फोल्डर उघडणाऱ्याला मात्र शेअरिंगची परवानगी आडवी येतच नाही. म्हणून शेअरिंगमध्ये मी सर्वांना ‘चेंज’ (वाचणे, बदलणे, पुसणे) देऊन टाकले आणि खरी वाटणी सिक्युरिटीत केली. शेअरिंगमध्ये ‘फुल कंट्रोल’ मुद्दाम दिले नाही, कारण फाइल तयार करणारा तिचा मालक ठरतो आणि मालकाला तिच्या परवानग्या बदलता येतात. शेअरिंग ‘चेंज’वर थांबवले की नेटवर्कवरून हा उद्योग करता येत नाही.

परवानगी माणसाला न देता ग्रुपला द्यावी, हे मी वाचले होते आणि पाळलेही. चूक झाली ती ‘डिनाय’च्या, म्हणजे नकाराच्या, चौकटीत. पगाराचा फोल्डर इतरांना दिसू नये म्हणून मी सरळ ‘युजर्स’ या ग्रुपला डिनाय केले आणि कार्यालयप्रमुखांना अलाउ. दहा मिनिटांत प्रमुखांचाच फोन आला, कारण तेही ‘युजर्स’मध्ये होतेच आणि एकाच फोल्डरवर दोन्ही खुणा असल्या की डिनाय आधी तपासले जाते. तेव्हापासून मी त्या चौकटीला हात लावलेला नाही. ज्याला द्यायचे नाही त्याचे नाव यादीत नसले, की पुरते. ग्रुपमध्ये नाव घातल्यावर माणसाने एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे लागते, हेही अनेकदा ‘आता बघा’, ‘आता बघा’ म्हणून झाल्यावरच लक्षात आले.

सर्वांत जास्त वेळ गेला तो एका वरवर साध्या मागणीत. हिशेब विभागातल्यांना फायलीत बदल करता यावेत, पण फाइल पुसता येऊ नये, असे प्रमुखांचे म्हणणे होते. सिक्युरिटीच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात ‘डिलीट’ची खूण वेगळी असते, ती मी काढली आणि निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक्सेलमध्ये फाइल सेव्ह होईना, आणि दुपारपर्यंत त्या फोल्डरमध्ये आठ-आठ अक्षरांच्या, एक्स्टेन्शन नसलेल्या अनोळखी फायलींची रांग लागली. व्हायरस आला असे समजून एकाने नेटवर्कची केबलच उपसली. प्रत्यक्षात एक्सेल मूळ फाइलवर थेट लिहीत नाही; ते आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल तयार करते, तिच्यात सगळे लिहून झाले की जुनी फाइल काढून टाकते आणि तात्पुरतीला जुनीचे नाव देते. पुसण्याचाच हक्क नसेल तर हे काम मधल्या पायरीवर अडकते आणि तात्पुरत्या फायली तशाच पडून राहतात.

म्हणजे ‘बदला, पण पुसू नका’ ही परवानगी पडद्यावर देता येते, रोजच्या कामात टिकत नाही. माझे मत असे झाले आहे की भिंत फोल्डरच्या तोंडाशी घालावी, आत पार्टिशने घालत बसू नये. आत आलेल्या माणसावर ‘मॉडिफाय’इतका (बदलणे आणि पुसणे दोन्ही) विश्वास टाकावा आणि पुसल्या गेलेल्या फायलींची काळजी रोजच्या बॅकअपवर सोपवावी. जिथे केवळ पाहायचे आहे तिथे ‘रीड’ द्यावे. मात्र ज्याला वाचता येते त्याला नक्कलही करून नेता येते, ही गोष्ट मी प्रमुखांना आधीच स्पष्ट सांगायला हवी होती.

तिसऱ्या महिन्यात आणखी एक कोडे पडले. प्रमुखांनी आपल्या फोल्डरमधले एक पत्र ‘समाईक’ या सर्वांसाठीच्या फोल्डरमध्ये हलवले, ते सर्वांना दिसत होते आणि उघडत कुणालाच नव्हते. फाइल एकाच ड्राइव्हवर इकडून तिकडे हलवली की ती जुन्या परवानग्या बरोबर घेऊन जाते. कॉपी केली तर मात्र नव्या जागेच्या परवानग्या उचलते. आमचे सगळे फोल्डर एकाच शेअरच्या पोटात असल्याने नेटवर्कवरून ओढलेल्या फायलींचेही तसेच होते. आता ‘हलवू नका, कॉपी करून मूळ काढा’ असे सांगितलेले आहे, आणि ते निम्मे लोक पाळतात. उरलेल्यांसाठी मी अधूनमधून ‘समाईक’च्या परवानग्या खालपर्यंत पुन्हा लावतो.

वर्कग्रुपचा खरा जाच पासवर्डचा आहे. प्रत्येकाचे खाते त्याच्या संगणकावर एक आणि फायलींच्या संगणकावर दुसरे. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे जुळले तरच विचारणा न होता फोल्डर उघडतो. कुणी आपला पासवर्ड बदलून मला सांगितले नाही, की सोमवारची सुरुवात तिथून. दोघे आळीपाळीने वापरतात त्या संगणकावर तर १२१९ क्रमांकाची त्रुटी वारंवार येत असे, कारण एकाच लॉगिनमधून फायलींच्या एकाच संगणकाला दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही. दोघांना विंडोजची स्वतंत्र खाती दिल्यावर ते थांबले.

बंद फोल्डरची नावे सर्वांना दिसत राहतात, हे मला उशिरा सुचले. ‘पगारवाढ’ असे नाव वाचल्यावर आतले काही न दिसताही कार्यालयात व्हायची ती चर्चा झालीच. त्या फोल्डरचे नाव आता नुसते ‘प्रशासन’ आहे.

कुणाला नेमके काय मिळते हे पाहण्यासाठी ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ हा टॅब मला सर्वांत उपयोगी वाटला. मी प्रत्येक बदलानंतर तिथे नाव घालून खात्री करतो. मोठा बदल करण्यापूर्वी ‘आयकॅकल्स’ या कमांडने सगळ्या परवानग्या एका फाइलमध्ये उतरवून ठेवतो. गेल्या तीन महिन्यांत या व्यवस्थेला महिन्याकाठी तासाभराहून अधिक वेळ द्यावा लागलेला नाही. साध्या विंडोजला एका वेळी वीसच जोडण्या चालतात, म्हणून संगणक पंधराच्या पुढे गेले की आम्ही सर्व्हर आवृत्ती आणि डोमेनचा विचार करू. तोपर्यंत पासवर्डची वही माझ्याच कपाटात राहील, आणि ती तिथे असणे मला मुळीच पसंत नाही.